घोडा नसलेल्या पिस्तुलाचा ‘घोडा चढवणे’

परभणीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, हेक्लर अँड कोख कंपनीच्या पी-७ या आता बंद झालेल्या जर्मन पिस्तुलाविषयी मराठीत लिहिताना ‘घोडा चढवला’ म्हणावे की ‘चाप आवळला’, कारण त्याला घोडाच दिसत नाही.

घोडा म्हणजे मागे ओढून ठेवायचा आणि सुटताच पुढे आदळून बार उडवणारा भाग. चाप म्हणजे बोटाने ओढायचा. मराठवाड्यात शेतराखणीसाठी परवान्यावर बाळगलेली जुनी दुनळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नळ्यांमागचे दोन घोडे आणि खालचे दोन चाप वेगळे सांगावे लागत नाहीत. तरीही बोलताना ‘घोडा दाबला’ असे सर्रास म्हटले जाते.

पी-७मध्ये मुठीच्या पुढच्या अंगाला एक लांब पट्टी आहे. मूठ आवळली की ती आत जाते आणि आतली फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळून बार उडवणारी सुई, स्प्रिंगवर ताणली जाते. पकड सैल करताच ‘खट’ आवाज होऊन ताण उतरतो. आवळायला सुमारे ७ किलोंचा जोर लागतो, धरून ठेवायला मात्र फारच थोडा. १९७२च्या म्युनिक हल्ल्यानंतर पश्चिम जर्मनीच्या पोलिसांना चटकन चालवता येईल आणि तरीही सुरक्षित राहील असे पिस्तूल हवे होते, त्यातून ही रचना आली; वेगळा सुरक्षा खटका तिला लागतच नाही. बाराचा वायू नळीखालच्या सिलिंडरमध्ये शिरून स्लाइडला, म्हणजे बार होताच मागे सरकणाऱ्या वरच्या भागाला, क्षणभर थोपवतो आणि नळी जागची हलत नाही, म्हणून नेम चांगला बसतो. पण सलग बार काढले की चापाच्या वरचा भाग चटका बसण्याइतका तापतो. (चाहते याचेही कौतुक करतात, हे मला अजब वाटते.) बनवायला महाग पडणाऱ्या या पिस्तुलाचे उत्पादन २००८च्या सुमारास थांबले.

आता शब्दांकडे. ‘चाप आवळला’ येथे सरळ चूक आहे, कारण आवळली जाते ती पट्टी, आणि चाप तिच्याहून वेगळा आहे. ‘घोडा चढवला’ हा रूढ प्रयोग म्हणून चालेल, परंतु ‘घोडा चढवून पिस्तूल मेजावर ठेवले’ असे पी-७बद्दल लिहिता येणार नाही, कारण हातातून सुटताच ते उतरते. ‘पिस्तूल ताणले’ हेही टाळावे, त्यातून ते कोणावर तरी रोखल्याचा अर्थ निघतो. माझ्या मते ‘त्याने मूठ आवळली आणि चाप ओढला’ एवढे वाक्य पुरेसे आहे.