म्हापशाच्या जुन्या घरात सापडलेल्या एलपी (गाण्यांच्या मोठ्या तबकड्या) ऑनलाइन विकायच्या आहेत, सगळ्या ‘निअर मिंट’, म्हणजे जवळजवळ नव्यासारख्या, असं लिहू का?

नको. कव्हर चकचकीत असलं तरी आतली तबकडी तशीच असेल असं नाही. दोघांचा दर्जा वेगवेगळा लिहितात.

खोली अंधारी करून एकच बल्ब लावा आणि तबकडी तिरकी धरून फिरवा. रेघ दिसली तर नख अलगद फिरवा. नखाला लागली तर सुईलाही बहुधा लागणारच: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला दर १.८ सेकंदांनी ‘टक्’. अशी तबकडी ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस, ‘निअर मिंट’च्या खालची पायरी) म्हणूनही विकू नका. शंका आली की एक पायरी खालीच लिहा, म्हणजे माल परत येत नाही.

आपल्या गोव्यात जास्त नुकसान पावसाळा करतो. खाचांत पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. वाजवताना सतत चरचर येते. डिस्टिल्ड पाणी, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मऊ कापड खाचांच्या दिशेनेच फिरवा. लेबल भिजवू नका. धुऊन, वाजवून मगच दर्जा ठरवा. मात्र ७८ च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.

लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला नंबर जाहिरातीत द्या, त्यावरून आवृत्ती ओळखता येते.

पाठवताना तबकडी कव्हरच्या बाहेर, आतल्या पिशवीसकट ठेवा. आत राहिली तर हिंदकळून कव्हरची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, आणि बाहेरून प्लास्टिक हवंच.