जुन्या ईटीएक्स दुर्बिणीच्या ऑटोस्टारमध्ये कार्बन ताऱ्यांची स्वतःची यादी कशी चढवायची?

तुमच्याकडे मीडची ईटीएक्स-१२५ आहे, सोबत ती आपोआप ताऱ्याकडे वळवणारा ऑटोस्टार ४९७ रिमोट आहे. तीसचाळीस कार्बन तारे (वातावरणात कार्बन जास्त असलेले, तांबडे दिसणारे तारे) एकापाठोपाठ एक बघायचे आहेत, पण मेनूत ते विखुरलेले आहेत आणि काही तर सापडतच नाहीत. म्हणून तुम्ही विचारलंय की कुठली केबल घ्यायची आणि यादी आत कशी ढकलायची.

केबलची चिंता शेवटी करा. यादी चढवणं हे काही मिनिटांचं काम आहे. वेळ जातो तो यादी नीट लिहिण्यात, आणि दुर्बीण भलतीकडे वळते ती बहुतेक तिथल्याच चुकीमुळे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश तसंही बंद असतं, तेव्हाच हे उरकून घ्यावं.

ऑटोस्टारच्या भाषेत अशा यादीला ‘टूर’ म्हणतात. ती म्हणजे नोटपॅडमध्ये उघडेल अशी साधी टेक्स्ट फाइल. वर ‘टायटल’ हा शब्द आणि अवतरणात टूरचं नाव, मग दर ओळीला एक वस्तू, आणि शेवटच्या ओळीवर हॅश चिन्हाला चिकटून ‘एंड’. हे आज्ञेचे शब्द अर्थातच रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत. मेसिए, एनजीसी, आयसी किंवा कॅल्डवेल या तयार याद्यांमधली वस्तू असेल तर यादीचं नाव आणि क्रमांक एवढंच लिहा, बाकीचं रिमोटला पाठ आहे. कार्बन ताऱ्यांसाठी मात्र ‘यूजर’ ही आज्ञा लागते. तिच्यापुढे आधी विषुवांश, मग क्रांती (हे आकाशातले जणू रेखांश आणि अक्षांश), मग अवतरणात नाव आणि पुन्हा अवतरणात वर्णन.

शशकातला आर लेपोरिस घ्या. ‘यूजर’, मग ०४:५९:३६, मग उणे १४ अंश ४८ कला २३ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला), मग नाव, मग वर्णन, की झाली एक ओळ. अंश-कला-विकलांच्या मधली चिन्हं स्वतःच्या मनाने घालू नका, एखादी चालू स्थितीतली नमुना टूर उघडून तिच्यातलीच उचला. रिमोटचा पडदा दोन ओळींचा, ओळीत १६ अक्षरं, त्यामुळे नाव आखूड ठेवा. वर्णन लांब असलं तरी सरकत सरकत वाचता येतं. देवनागरी तिथे उमटत नाही, पण रोमनमध्ये मराठी लिहायला कोण अडवतंय? माझ्या टूरमधली अर्धी वर्णनं तशीच आहेत.

वर्णनात ताऱ्याची कमाल आणि किमान प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, जरूर लिहा (आकडा मोठा तितका तारा फिका). कार्बन तारे बहुतेक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारे असतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन रसेल हाइंडने १८४५ मध्ये नोंदवलेला हा आर लेपोरिस साडेपाच प्रतीपासून अकराच्याही खाली जातो, आणि हा फेरा साधारण ४२७ दिवसांचा. तो तळाला असताना तुम्ही दुर्बीण वळवलीत, तर समोर फिकट ठिपक्यांची गर्दी दिसेल आणि उगाच वाटेल की गोटू (दुर्बिणीचं आपोआप वळणं) चुकलं. पडद्यावर ‘५.५ ते ११.७’ असं सरकताना दिसलं, की माणूस थोडा धीर धरतो.

आता सहनिर्देशकांचा, म्हणजे विषुवांश-क्रांतीच्या आकड्यांचा घोळ. पृथ्वीचा अक्ष संथपणे डुलतो, त्यामुळे ताऱ्यांचे आकडे वर्षाला सुमारे ५० विकलांनी सरकतात. हेच आपलं संपातचलन. ऑटोस्टारला आकडे जे२००० चे, म्हणजे २००० सालच्या संदर्भाचे हवेत. जुन्या पुस्तकांतल्या याद्या बऱ्याचदा १९५० च्या असतात. ५० वर्षांचा फरक ४२ कलांपर्यंत जातो. तुमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १९०० मिलिमीटर. २६ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून ७३ पट वर्धन मिळतं आणि जेमतेम ४३ कलांचं क्षेत्र दिसतं. मधोमध यायला हवा तो तारा ४२ कला बाजूला पडला, तर सरळ क्षेत्राबाहेरच. म्हणून आकडे पुस्तकातून उतरवण्यापेक्षा स्ट्रासबर्गच्या सिम्बाड या डेटाबेसमधून घ्या आणि जे२००० लिहिलेलीच ओळ उचला.

यादी बहुतेक जण एक्सेलमध्ये करतात, मीही करतो, पण एक्सेल आगाऊ आहे. टी लायरीचा विषुवांश १८:३२:२० असा टाकला की त्याला ती संध्याकाळची साडेसहाची वेळ वाटते. आधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करा, मगच आकडे भरा. त्याहून वाईट म्हणजे उणे शून्य. मृगाच्या बाणातल्या मिंटाकाची क्रांती उणे ० अंश १७ कला ५७ विकला आहे. अंश, कला, विकला वेगवेगळ्या रकान्यांत ठेवले तर ‘उणे शून्य’चं नुसतं ‘शून्य’ होतं, चिन्ह गळतं आणि दुर्बीण ३६ कला उत्तरेला जाऊन थांबते. रिमोट काहीही कुरकुर करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने आकडा बरोबरच आहे. ० ते उणे १ अंशातल्या ओळी शेवटी डोळ्यांनी तपासा. आणि फाइल वर्डमध्ये उघडू नका. वर्ड सरळ अवतरणं गोल करतो, वजाबाकीच्या चिन्हाची लांब रेघ करतो, आणि मग टूर चढताना अडते.

ओळी विषुवांशाच्या क्रमाने लावा. मृगातला डब्ल्यू ओरायनिस, सारथीतला यूयू ऑरिगे, कर्केतला एक्स कॅन्क्री, वासुकीतला यू हायड्रे, श्यामशबलातला वाय कॅनम (यालाच इटालियन खगोलशास्त्रज्ञ सेक्कीने ‘ला सुपर्बा’ म्हटलं), असं पूर्वेकडे जात राहिलं की दुर्बीण उगाच गरागरा फिरत नाही. ईटीएक्स आडवी फिरताना एका मर्यादेला अडते आणि आठ पेन्सिल सेलवर चालते, हेही लक्षात असू द्या. यादीत आणखी भर हवी असेल तर अमेरिकेतल्या अॅस्ट्रॉनॉमिकल लीगच्या कार्बन तारे कार्यक्रमात १०० तारे आहेत. धूमकेतू आणि लघुग्रह मात्र या पद्धतीने टाकू नका. ते रोज सरकतात, त्यांच्या कक्षेचे घटक भरायची सोय वेगळी आहे.

आता केबल. मीडची ५०५ क्रमांकाची केबल लागते. तिचं चार तारांचं छोटं टोक रिमोटच्या खालच्या लहान खोबणीत जातं, दुसरं सीरियल पोर्टला. हल्लीच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी एफटीडीआय चिपचाच घ्या, स्वस्तातल्यांचे ड्रायव्हर रडवतात. रिमोट दुर्बिणीला जोडलेला आणि दुर्बीण चालू हवी, कारण त्याला वीज तिथूनच मिळते. संगणकावर मीडचा ‘ऑटोस्टार अपडेटर’ लागतो. मीड कंपनी २०२४ मध्ये बंद पडली, त्यामुळे तिच्या साइटच्या भरवशावर राहू नका. माइक वीझनर यांची ईटीएक्सला वाहिलेली जुनी साइट आहे, तिथे शोधा, लोकांनी केलेल्या टूरही तिथे आहेत. रिमोटची मेमरी तुटपुंजी आहे. जागा कमी पडली तर आतले कालबाह्य झालेले धूमकेतू आणि उपग्रह काढून टाका.

चढली की टूर मुख्य मेनूत ‘गायडेड टूर’खाली दिसते. ‘ऑटो स्ल्यू ऑन’ ही ओळ घातली तर नाव निवडताच दुर्बीण धावायला लागते. लोकांना आकाश दाखवायच्या कार्यक्रमात मी ती घालत नाही. कुणीतरी नेत्रिकेला डोळा लावून उभं असतं.

एवढा खटाटोप नको असेल तर फोनवर स्कायसफारी या आकाशनकाशाच्या अॅपची प्लस किंवा प्रो आवृत्ती घ्या, यादी त्यात करा आणि दुर्बिणीला तिथूनच आज्ञा द्या. खरं सांगायचं तर नव्या माणसाला मी हेच सुचवीन. पण एक चुकून पेटलेला पांढरा पडदा, आणि अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा तयार व्हायला अर्धा तास घेतात. चारपाचच तारे असतील तर दोन्ही सोडा, ‘यूजर ऑब्जेक्ट’मध्ये हाताने भरा.

टूरच्या पहिल्या ओळीवर रोहिणी टाका, ०४:३५:५५ आणि अधिक १६ अंश ३० कला ३३ विकला. दुर्बिणीचं अलाइनमेंट (सुरुवातीला ओळखीच्या ताऱ्यांवर तिची दिशा जुळवणं) झाल्यावर आधी तिच्याकडे वळवा. ती मधोमध आली आणि पुढचा एखादाच तारा चुकला, तर दोष त्या ओळीत आहे. रोहिणीच बाजूला पडली आणि मागचे तारेही तेवढेच बाजूला पडत असतील, तर फाइलला हात न लावता अलाइनमेंट पुन्हा करा.