लिवून लिवून डोकं दुखायलंय, मॅडम

"पोरगा म्हणतोय, डायरीनंच दुखणं लागलं तुला. खरं काय ओ?"

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून त्या बसनं बेळगावला माझ्याकडं सल्ल्यासाठी आल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून इथं त्यांना अक्का म्हणते. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी कापडी पिशवीतून दोनशे पानी पाच वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

मागची गोष्ट अशी. वडील गेल्यावर भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागायला आला. अक्कांनी मुकाट्यानं केली. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद. घरात कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून सगळे झोपले की स्वयंपाकघरात झिरोच्या बल्बखाली बसून लिहायचं. वर्ष उलटलं. आता डोकेदुखी, पित्त आणि झोपेचं खोबरं. धाकट्यानं मोबाईलवर कुठंतरी वाचलं की डायरी लिहिणारे जास्त आजारी असतात, आणि वह्या बंबात घालायला निघाला.

पोरानं वाचलेलं हवेतलं नव्हतं. इलेन डंकन आणि डेव्हिड शेफील्ड या ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2004 साली असं मांडलं होतं की डायरी लिहिणाऱ्यांत डोकेदुखी, निद्रानाश, पोटाच्या तक्रारी न लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त दिसतात. पण आधी काय, दुखणं की डायरी? खानापूरच्या रानात पाऊस फार, म्हणून घरोघरी इरली असायची. इरल्यांमुळं पाऊस पडतो असं कुणी म्हणत नाही. मनाला लागलेली माणसंच वहीकडं जास्त वळत असतील.

इथं माझी चूक झाली. पोराची समजूत घालायच्या नादात मी अक्कांना म्हणाले, "बिनधास्त लिहा, मन मोकळं करा." पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा सहावी वही भरत आली होती, डोळ्यांखाली काळं, आणि पित्ताची गोळी रोजची.

मग मी त्यांनाच पहिल्या वहीतलं एक पान आणि सहावीतलं एक पान वाचायला लावलं. पेन इतकं दाबून चालवलेलं की मागच्या कोऱ्या पानावर बोट फिरवलं तर अक्षरं लागत होती. दोन्ही पानांवर एक वाक्य तसंच्या तसं: "दादानं सही घेतली, पण चहा घेतला नाही." अक्का थांबल्या. चष्मा नसल्यामुळं वही लांब धरली होती, ती खाली ठेवली.

"दळलेलंच पीठ परत दळायलेय की ओ मी."

माझ्या मते सगळा फरक इथं आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1986 साली छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मनातलं सगळ्यात जड दुःख लिहायला सांगितलं, ते रोज 15 मिनिटं आणि फक्त 4 दिवस. लिहून उठल्यावर त्यांना आणखीच वाईट वाटत होतं. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. पुढं त्यानं शब्द मोजले, तेव्हा ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'आता कळतं' असे शब्द वाढत गेले त्यांना गुण जास्त आलेला दिसला. 2006 साली अशा 146 प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला: फायदा आहे, पण लहान. महागड्या डायऱ्या औषध म्हणून विकणारे एवढं सांगत बसत नाहीत.

आधी मी त्यांना डॉक्टरकडं धाडलं. डोकेदुखीला मनच कारण असं धरून बसणं बरं नव्हे. बीपी वाढलेलं निघालं आणि जवळचा चष्मा लागला. पन्नाशीनंतर जवळचं कमी दिसतंच, त्यात झिरोच्या बल्बखाली वर्षभर डोळे ताणलेले!

मग ठरलं ते एवढंच. रात्रीचं लिखाण बंद. दुपारी भांडी झाल्यावर, उजेडात, घड्याळ लावून 15 मिनिटं, चार दिवस. चौथ्या दिवशी तीच सही दादाच्या बाजूनं लिहायची. यावर त्या चिडल्या, तरी लिहून आणलं. त्यात होतं, 'दादाला चहा घ्यायला तोंड नव्हतं, कारण त्याला माहीत होतं की मी नाही म्हणणार नाही.' ते खरं की खोटं, मला माहीत नाही. पण सहा वह्यांत पहिल्यांदा 'कारण' आला होता.

झोपताना वही हातात घ्यायचीच असेल तर उद्याची कामं लिहायची. 2018 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी 5 मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे 9 मिनिटं आधी झोप लागली.

हे सगळ्यांना लागू नाही. घाव अगदी ताजा असेल तर लिहायची घाई नको. लिहिताना जीव नकोसा वाटायला लागला तर वही मिटून 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर बोला. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.

तिसऱ्या महिन्यात अक्का आल्या त्या छोटी खिशातली वही घेऊन. यादी दाखवली: रेशन, सुनेच्या ब्लाउजला हुक, बीपीची गोळी, दादाला फोन. पहिल्या तिन्हींवर काट मारलेली. मी मागची पानं उलटली. 'दादाला फोन' अकरा दिवस रोज पुढच्या पानावर सरकत आला होता.

"अजून नाही केला ओ," त्या म्हणाल्या. "पण झोप लागायलीय."