लिंक पाठवून भागायचं नाही

प्रश्न : नमस्कार ताई. मी पुण्यात एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवते. आमच्याकडे टांझानियाचा एक मुलगा एमएस्सी करतोय. फार हुशार आहे. आता तो गावाकडच्या कॉलेजात शिकवायला परत जाईल. "तिथे या विषयाचा मी एकटाच," असं सारखं म्हणतो. चांगल्या व्याख्यानांच्या लिंक पाठवीन म्हटलं, तर नुसता हसला. आणखी काय करता येईल?

उत्तर : हसला ते बरोबरच केलं. लिंकची टंचाई कुणालाच नाही. रात्री अकराला प्रोग्रॅम अडला की "जरा बघ रे" म्हणायला शेजारी कुणी नसणार, ही त्याची खरी धास्ती. केपटाउनला मी जीनोमिक्स (सजीवांच्या सगळ्या जनुकांचा अभ्यास) शिकवत होते तेव्हा आफ्रिकेतल्या लहान गावांतून आलेली मुलं हेच बोलायची.

त्या शहरातून चालवलेल्या 'एचथ्रीएबायोनेट' या आफ्रिकन संशोधन संस्थांच्या जाळ्याने यावर काढलेली तोड मला फार आवडते. 2016 साली त्यांनी बायोइन्फर्मेटिक्सचा, म्हणजे जनुकांची माहिती संगणकावर तपासण्याच्या शास्त्राचा, तीन महिन्यांचा मोफत प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्याच वर्षी 10 देशांतल्या 20 संस्थांमध्ये वर्ग भरले, 364 जणांनी नाव नोंदवलं. इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून व्याख्यानं आधीच रेकॉर्ड केलेली. वर्गाने ती उतरवून घ्यायची, एकत्र बसून बघायची, आणि शंकांपुरतं शिक्षकाला व्हिडिओवर गाठायचं. शिक्षकही बहुतेक आफ्रिकेतलेच. लाइन गेली तरी वर्ग मोडत नाही, कारण बाकावर शेजारी माणूस असतो. आपण कोविडात नेमकं उलट केलं, मुलांना एकेकटं स्क्रीनपुढे बसवलं. असो.

केपटाउनच्याच म्युझेनबर्गला 2003 पासून 'एम्स' ही आफ्रिकेची गणित संस्था आहे (दिल्लीच्या रुग्णालयाशी संबंध नाही!). तिथे विद्यार्थी, ट्यूटर आणि पाहुणे प्राध्यापक एकाच छपराखाली राहतात, त्यामुळे अर्धं गणित जेवणाच्या टेबलावरच सुटतं. आणि परदेशी परिषदांवर विसंबून चालत नाही. 2018 साली माँट्रियलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदेला निघालेल्या कित्येक आफ्रिकन संशोधकांना कॅनडाने व्हिसाच दिला नाही. 'डीप लर्निंग इंदाबा' हा त्याच विषयाचा आफ्रिकन संशोधकांचा मेळावा 2017 पासून आफ्रिकेतच भरतो, ते उगाच नाही.

तुमच्या मुलाला पाच माणसं आणि एक खोली हवी. ती पाचही त्याच्या विषयाची असायची गरज नाही. संख्याशास्त्राचे सर, प्रयोगशाळा सहायक, जवळच्या इस्पितळातली एखादी तंत्रज्ञ, कुणीही चालेल. ही माणसं त्यालाच शोधू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. निघायच्या आधी त्याला एक हार्ड डिस्क भरून द्या : सॉफ्टवेअर, पेपर, सरावाचा डेटा, तुमच्या त्या व्याख्यानांसकट. लिंक उघडत बसण्यापेक्षा ती डिस्क दहा जणांत फिरेल. त्याच्या प्रबंधावरचा पेपर लिहायचा राहिलाच असेल, तर तो तिथून दोघं मिळून पुरा करा, आणि पहिलं नाव त्याचंच ठेवा. तुमच्या एमएस्सीच्या वर्गालाही या देवाणघेवाणीत ओढा. तिकडच्या मुलांचे प्रश्न ऐकून आपली मुलं पाठांतरातून जरा बाहेर येतील, हा माझा स्वार्थी हिशोब.

आठवड्यातला एक तास पक्का करा. तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले साडेचार, तुमची प्रॅक्टिकल्स तेव्हा उरकलेली असतात. फक्त वार त्याला ठरवू द्या, वीज कधी जाते ते त्यालाच माहीत.