पोटेन्शियल शून्य, तरी फील्ड एक लाख

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. दोन समांतर प्लेटा, मध्ये ४ मिलिमीटर हवा. डावी प्लेट उणे १०० व्होल्टवर, उजवी अधिक ३०० वर. डाव्या प्लेटपासून १ मिलिमीटरवर पोटेन्शियल (विद्युत विभव) किती, फील्ड (विद्युत क्षेत्र) किती? तू पोटेन्शियल शून्य काढलंस, ते अगदी बरोबर. मग त्याच शून्याला अंतराने भागून फील्डही शून्य लिहिलंस, तिथे गाडं अडलं. आणि तुझं म्हणणं असं, की आधीच्या गणितात, जिथे एक प्लेट शून्यावर आणि दुसरी २०० वर होती, तिथे हीच रीत बरोबर उत्तर देऊन गेली.

तिथे ती चालली, कारण तू अंतर मोजलंस तेच मुळी शून्यावरच्या प्लेटपासून. त्यामुळे त्या जागेचं पोटेन्शियल आणि प्लेटपासून तिथपर्यंत पडलेला फरक हे दोन्ही आकडे एकच निघाले. भागायचा असतो तो फरक. इथे उणे १०० वरून शून्यावर यायला १ मिलिमीटर लागला, म्हणजे फरक १०० व्होल्ट. १०० भागिले ०.००१, उत्तर १ लाख व्होल्ट प्रति मीटर. पूर्ण अंतर घेऊन ताळा कर: ४०० भागिले ०.००४, पुन्हा १ लाख. मधोमध घे, उजव्या प्लेटजवळ घे, हाच आकडा. (प्लेटांच्या कडा सोडून. कडेला फील्ड बाहेर फुगतं.)

बारा वर्षं वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यात बारावीला शिकवतोय, दर वर्षी ही चूक वहीत दिसते. मी पोरांना वावरात नेतो. आमचं वावर वरच्या धुऱ्यापासून नाल्याकडे उतरतं. उंची मोजायची तर कुठून? मी म्हणतो, विहिरीच्या काठापासून. मग वरचा धुरा अधिक, नाल्याकडची बाजू उणे, आणि काठाच्या पातळीत येणाऱ्या सगळ्या जागांची उंची शून्य. पावसाचं पाणी त्या शून्याच्या रेषेवर थांबतं का? ते खालीच जातं, कारण उतार तिथेही तेवढाच आहे. फील्ड म्हणजे उतार, पोटेन्शियल म्हणजे उंची. शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवतो, उतार जमिनीचा असतो.

दिशाही इथेच कळते. फील्ड जास्त पोटेन्शियलकडून कमीकडे, म्हणजे तुझ्या गणितात उजवीकडून डावीकडे. फील्ड म्हणजे उणे (पोटेन्शियलमधला फरक भागिले अंतर), या सूत्रातलं उणे चिन्ह हेच सांगतं, ते गाळू नकोस. इलेक्ट्रॉनचा चार्ज उणे, म्हणून तो उलटा, उजव्या प्लेटकडे ओढला जातो.

तुझी दुसरी शंका, दोन प्लेटांमधल्या फील्डच्या सूत्रातून खालचा दोन कुठे जातो, ती लवकर मिटते. सिग्मा (दर चौरस मीटरवरचा चार्ज) भागिले दोन एप्सिलॉन नॉट (निर्वाताचा ठरलेला स्थिरांक) हे एकट्या पातळ पत्र्याचं फील्ड. दोन प्लेटांवर सारखा पण विरुद्ध चार्ज असला की मधल्या जागेत दोघींची फील्ड एकाच दिशेने, म्हणून बेरीज होऊन दोन कटतो. बाहेर ती एकमेकींना खोडतात.

आता एक प्रयोग घरी करच, कागदावर वाचून हे मुरत नाही. सपाट, चौकोनी प्लास्टिकचा ट्रे घे. तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या काप, ट्रेच्या पूर्ण रुंदीच्या, आणि १६ सेंटिमीटर अंतरावर समोरासमोर उभ्या कर. विहिरीचं पाणी बोटभर ओत. ९ व्होल्टची बॅटरी पट्ट्यांना जोड. घरातल्या लाइनला मात्र अजिबात हात लावायचा नाही. डिजिटल मल्टिमीटर गावात मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडे असतोच, तासभर मागून आण. इथे प्लेटांमध्ये हवेऐवजी पाणी आहे आणि त्यातून थोडा करंट वाहतो, पण पोटेन्शियल पसरतं त्याच नियमाने.

काळं टोक उणे पट्टीला लाव. लाल टोक दर २ सेंटिमीटरवर बुडव आणि आकडा लिहून घे. दर पावलाला साधारण एक व्होल्ट चढेल. पत्र्याला अगदी लागून थोडं व्होल्टेज गायब झालेलं दिसेल. तो पत्रा आणि पाणी यांच्यातल्या रासायनिक क्रियेचा परिणाम आहे, म्हणून पहिलं आणि शेवटचं पाऊल हिशेबात धरू नकोस. लाल टोक पट्टीला समांतर सरकवलंस तर आकडा हलणार नाही. ती समविभव रेषा, म्हणजे सारख्या पोटेन्शियलची रेषा.

मग काळं टोक पट्टीवरून काढ आणि ट्रेच्या मधोमध पाण्यात धर. लाल टोक पुन्हा त्याच जागांवरून ने. आता मधोमध शून्य, आणि उणे पट्टीच्या बाजूला मीटर उणे आकडे दाखवेल. शेजारच्या दोन आकड्यांची वजाबाकी कर आणि आधीच्या रकान्याशेजारी मांड. ते पान मला दाखव, मग काचेची पाटी मध्ये सरकवल्याचं गणित घेऊ.