कोणता आयन, कुठून कुठे?

नागपूर

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चेतापेशीच्या विद्युत्-संकेताचा आलेख हुबेहूब काढता येतो, पण तो तसा का येतो ते सांगता येत नाही, असं तू लिहिलंस. पहिल्याच वर्षी हे ओळखलंस याचं मला फार बरं वाटलं. मी तो आलेख पाठ केला होता आणि त्याची किंमत मला इंटर्नशिपमध्ये कळली. ते पुढे सांगते.

आधी 'नसेतून करंट वाहतो' हे वाक्य सोडून दे. धुऱ्यावरच्या वाळल्या गवताला आग लागते तेव्हा एक काडी पुढच्या काडीला पेटवते. प्रत्येक काडी स्वतःच्या जळणावर जळते, म्हणून आग शंभर फुटांवरही तेवढीच प्रखर असते, आणि जळून गेलेल्या बाजूला ती परतत नाही. अक्षतंतूत, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यात, असंच घडतं. फरक एवढाच की इथली काडी काही मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार होते.

जळण म्हणजे आयनांची, विद्युतभार असलेल्या कणांची, आत-बाहेरची तफावत. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला सुमारे 140 मिलिमोल, बाहेर जेमतेम 4-5. सोडियमचं नेमकं उलट. ही तफावत एक पंप राखतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, खर्च एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा. पेशीच्या आवरणातून, म्हणजे पटलातून, थोडं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आतली बाजू उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास राहते. आकडा किरकोळ वाटतो ना? आता पटलाची जाडी 7 नॅनोमीटर धरून भागाकार कर. मीटरला एक कोटी व्होल्ट! हे गणित मी प्रत्येक तुकडीकडून फळ्यावर करून घेत असे.

व्होल्टेज उणे 55 च्या आसपास आलं की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि आतली बाजू अधिक 30 पर्यंत चढते. मिलिसेकंदभरात ती दारं आपोआप मिटतात, पोटॅशियमची उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि आलेख खाली येतो. बहुतेक मुलं इथे चुकतात आणि 'पंपाने आलेख खाली आणला' असं लिहितात. पंप बंद पाडला तरी अक्षतंतू बराच वेळ संकेत देत राहतो, कारण एका संकेतात हलणारे आयन एकूण साठ्याच्या मानाने नगण्य असतात. म्हणून आलेखाच्या प्रत्येक वळणावर बोट ठेव आणि विचार: कोणता आयन, कुठून कुठे, आणि त्याला कोण ढकलतंय? हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 मध्ये याच प्रश्नाचं उत्तर गणितात मांडलं. त्यासाठी त्यांनी स्क्विडचा, म्हणजे कोकणातल्या माकुळाच्या जातभाईचा, नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका जाड अक्षतंतू वापरला होता.

वेगाचं फार पाठांतर नको. मे महिन्यात गच्चीवर अनवाणी जा. पाय टेकल्याचं आधी कळतं, खोल चटका मागून येतो. स्पर्शाच्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टन असतं, म्हणून तिथे संकेत सेकंदाला 50-60 मीटरही धावतो. त्या मागाहून येणाऱ्या वेदनेचे तंतू उघडे, वेग मीटरभर. (सावजी रश्श्याने जीभ पोळते तीही खोटी नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन 43 अंशांपुढच्या उष्णतेला उघडणारंच दार उघडतं.)

आता अक्षतंतूचं टोक. पुढे सुमारे 20 नॅनोमीटरची फट आहे आणि विजेचा संकेत सहसा तिथेच संपतो. टोकात कॅल्शियम शिरतं, रसायनाच्या पिशव्या फुटतात आणि रसायन पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहकांवर, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसतं. ओटो लोवी यांनी 1921 मध्ये हे दोन बेडकांच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस, म्हणजे ठोके मंद करणारी, नस चेतवून ठोके मंदावले, त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. ते रसायन ॲसिटिलकोलिन होतं.

माझ्या इंटर्नशिपमध्ये एका रात्री यवतमाळकडचा एक शेतकरी आणला होता. कपाशीवर फवारणी करता करता कोसळलेला. तोंडाला फेस, घामाने चिंब, बाहुल्या टाचणीएवढ्या, मांडीचे स्नायू फडफडत होते. ॲट्रोपिनचा उतारा दिला. छातीतली घरघर कमी झाली, फडफड मात्र थांबेना. मी घाबरून वरिष्ठांना म्हटलं, औषध लागू पडत नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "स्नायूवरचा ग्राहक कोणता?" मला उत्तर आलं नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या विकराला निकामी करतं, म्हणून ॲसिटिलकोलिन प्रत्येक फटीत साचत जातं. ॲट्रोपिन ग्रंथी, श्वासनलिका आणि हृदयावरचे मस्करिनिक जातीचे ग्राहक अडवतं; स्नायूवरचे निकोटिनिक जातीचे त्याच्या हाती लागत नाहीत. त्या माणसाचा श्वास रात्रभर आम्ही चालवला. तो वाचला. ती फट मी त्या रात्री शिकले.

तू वॉर्डात जाशील तेव्हा असे रुग्ण तुझ्याही समोर येतील. म्हणून एक काम देते. नागाचं विष स्नायूवरच्या ग्राहकांवर ठाण मांडतं. मण्यारचं विष मुख्यतः अलीकडचं टोकच निकामी करतं. दोघांतही पापण्या मिटतात, श्वास थकतो. यांपैकी कोणाला निओस्टिग्मिनचा, म्हणजे ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या त्याच विकराला काही काळ अडवणाऱ्या औषधाचा, फायदा होईल आणि का, ते आकृती काढून रविवारी घेऊन ये. संत्री आणून ठेवते.

तुझी,
मॅडम