विषम संख्या तपासताना '% २ == १' लिहावं की '% २ != ०'?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: इफच्या अटीत विषम संख्या ओळखायला यातलं काय लिहायचं, आणि लीप वर्षाची अट कशी लिहायची.

% म्हणजे भागाकारातली बाकी. '!= ०' लिहा, म्हणजे 'बाकी शून्य नाही'; '== १' म्हणजे 'बाकी एकच आहे'. दोन्ही सारखंच असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

एवढं ठासून सांगतोय कारण यावर माझे मार्क गेलेत. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सी भाषेत सम-विषमचा प्रोग्रॅम आला होता. मी '!= ०' लिहिलं. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, जर्नलमधल्या प्रोग्रॅमशी ताडून पाहिलं, तिथे '== १' होतं. "विषम म्हणजे बाकी एक उरते, एवढं माहीत नाही?" म्हणाले आणि दहापैकी चार दिले. मी म्हटलं, सर, एकदा -७ टाकून बघू या. मागे मुलांची रांग होती, त्यांनी टाकू दिलं नाही. घरी येऊन जर्नलमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला, -७ दिलं, एंटर दाबलं. स्क्रीनवर 'सम' आलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा चालवला, तरी 'सम'च.

सीमध्ये पूर्णांकांचा भागाकार शून्याच्या दिशेने कापला जातो. -७ / २ म्हणजे -३, त्याची दुप्पट -६, म्हणून बाकी -१. ती १ नाही, म्हणजे अट खोटी ठरते आणि प्रोग्रॅम एल्समध्ये, म्हणजे 'नाहीतर'च्या भागात, शिरतो. सी९९पासून, म्हणजे सीच्या १९९९च्या अधिकृत मानकापासून, हे नियमातच लिहिलंय, त्याआधी कंपायलरवर सोडलेलं होतं. जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही -१च येते. पायथॉनमध्ये बाकी भाजकाचं चिन्ह घेते, त्यामुळे तिथे १ मिळते. 'आमच्याकडे तर चालतं' म्हणणारे बहुतेक पायथॉनवाले असतात, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. पण सवय लावायची तर सगळीकडे टिकेल अशीच लावावी.

लीप वर्षाचं सोपं आहे: ४ने भाग जातो आणि १००ने जात नाही, किंवा ४००ने जातो. १९०० लीप नव्हतं, २००० होतं. या दोन्हींवर तपासा. '&&' (आणि) व '||' (किंवा) एकत्र आले की कंस घालाच.

हो, संख्या धनच येणार असेल, म्हणजे वय किंवा मोजणी, तर '== १' ने काही बिघडत नाही. आणि भाजक युजरकडून घेत असाल तर तो शून्य नाही ना, हे % च्या आधी बघा.

तुमचे सर '== १' वरच अडून बसले तर तोंडी वाद घालू नका. मी तेच करत बसलो. कीबोर्ड पुढे ओढून त्यांच्यासमोर -७ टाइप करा.